बरं होण्याची प्रार्थना करतो, मरणाची तयारी कधी करायची?

कुंडलिकाकाठ (जालना)

जय ख्रिस्त.

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या आजाऱ्यांच्या भेटींना मी बरीच वर्षं जातो. जालना शहर, बदनापूर, अंबड, परतूरकडच्या वस्त्या. या घरांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते आणि ती मनाला लागते, म्हणून लिहितोय.

माणूस खाटेला खिळलेला असतो. आम्ही पाचसहा जण जातो, भजन म्हणतो, वचन वाचतो, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतो, ‘प्रभू, यांना उठव.’ हे बरोबरच आहे. मंडळीच्या वडिलांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा, असं याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्पष्ट सांगितलंय. पण मध्येच तो आजारी माणूस म्हणतो, ‘आता माझं काही खरं नाही.’ की लगेच चारी बाजूंनी सुरू होतं. ‘असं अभद्र बोलू नका.’ ‘विश्वास ठेवा.’ ‘नातवाचं लग्न बघायचंय अजून तुम्हाला.’ तो गप्प होतो. पुढच्या भेटीत काही बोलत नाही. त्याच्या पुढची भेट दफनविधीची असते.

त्याला त्या दिवशी काय सांगायचं होतं, ते घरात कुणालाच कळलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: बरं होण्याची प्रार्थना आणि मरणाची तयारी एकाच खोलीत, एकाच वेळी चालू शकतात आणि चालल्या पाहिजेत. तयारी केली म्हणून प्रार्थनेतला विश्वास उणा पडत नाही.

हिज्कीया राजाचंच बघा. यशया संदेष्टा येऊन सांगतो, ‘आपल्या घराची व्यवस्था कर, कारण तू मरणार.’ राजा भिंतीकडे तोंड करून रडतो, प्रार्थना करतो, देव त्याला आणखी १५ वर्षं देतो. गळवावर अंजिरांचं पोटीसही बांधतात. घर मार्गी लावणं, रडणं, प्रार्थना, औषध, सगळं २ राजेच्या विसाव्या अध्यायात एकाच ठिकाणी आहे. आपल्याकडे उपदेश मात्र त्या १५ वर्षांवरच होतात.

जुन्या करारातल्या याकोबानं मरताना मुलांना जवळ बोलावून एकेकाशी बोलून घेतलं, आपल्याला कुठे पुरायचं तेही सांगितलं. आणि आपला प्रभू! त्यानं वधस्तंभावरून मारणाऱ्यांना क्षमा केली, शेजारच्या चोराला आशा दिली, आईला शिष्याच्या हवाली केलं, ‘मला तहान लागली आहे’ म्हणाला, ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास’ असं ओरडला, ‘पूर्ण झालं आहे’ म्हणाला आणि शेवटी आत्मा पित्याच्या हाती सोपवला. उत्तम शुक्रवारी आपण या सात उद्गारांवर तासन्‌तास बसून ऐकतो. मरणाची सगळी तयारी तिथे आहे. देवाच्या पुत्राला तहान लागली म्हणून सांगावंसं वाटलं, तर आपल्या माणसाला ‘मला भीती वाटते’ एवढं म्हणू द्यायला काय हरकत आहे?

जुन्या मंडळीनं यावर फार विचार केलाय. चौदाव्या शतकात युरोपात प्लेगनं गावंच्या गावं ओस पडली, मरणाऱ्याजवळ बसायला धर्मगुरू पुरेनात. पुढच्या शतकात ‘मरणाची कला’ या अर्थाच्या नावाचं एक लहानसं लॅटिन पुस्तक निघालं. लाकडी ठशांची चित्रं घालून त्याची आवृत्ती काढली, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही चित्र बघून समजावं. खाटेवर माणूस, भोवती सैतान आणि देवदूत. त्यात मरणाऱ्याला गाठणारे पाच मोह दिलेत: विश्वास डळमळणं, निराशा, चिडचिड, धार्मिकपणाचा गर्व आणि मालमत्तेची, माणसांची ओढ.

हे पाचही मी आपल्याच घरांत पाहिलेत. ‘माझ्या हातून जे घडलं ते प्रभू कसं माफ करील’ म्हणणारी माणसं आहेत. जन्मभर मंडळीची सेवा केलेल्यांना गर्व गाठतो: ‘एवढं केलं प्रभूसाठी, आणि मलाच हे दुखणं?’ चिडचिड सगळ्यात जास्त दिसते, आणि ती निघते सुनेवर नाहीतर लेकीवर, जी रात्रंदिवस सगळं करत असते तिच्यावर.

ओढीचं एक सांगतो. बदनापूरकडचे एक म्हातारे शेतकरी. त्यांच्या उशीखाली प्लास्टिकच्या पिशवीत सातबारा, फेरफार, जुन्या पावत्या. प्रार्थना चालू असतानाही हात उशीखाली जायचा, पिशवी चाचपायचा. धाकट्या भावाशी बांधावरून भांडण होतं, बोलणं बंद होऊन जमाना झालेला. मी एकदा सरळ विचारलं, ‘बापू, भावाला बोलवायचं का?’ बराच वेळ काही बोलले नाहीत, मग मान हलवली. भाऊ आला. बांधाचा विषय दोघांनीही काढला नाही. यंदाच्या पावसावर बोलले, कापसाला भाव काय मिळाला त्यावर बोलले, आणि त्यांचा एक बैल होता म्हणे लहानपणी, त्याच्यावर तर दोघं किती तरी वेळ बोलत होते. जाताना भावानं चमच्यानं पाणी पाजलं. पिशवी उशीखालीच होती, आणि बांधाचा निकाल आजही लागलेला नाही. पण त्या माणसाचं मरण त्या दिवसापासून बदललं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ही तयारी धडधाकट असताना सुरू करायची असते. ‘आम्हांला आमचे दिवस असे गणण्यास शिकव की, आम्हांला सुज्ञ अंतःकरण प्राप्त होईल,’ असं ९० व्या स्तोत्रात मागितलंय. पाचव्या-सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्टानं आपल्या मठवासीयांना नियमच घालून दिला, की मरण रोज डोळ्यांसमोर ठेवा. माझी साधी रीत अशी: रात्री दिवा मालवल्यावर ३१ व्या स्तोत्रातली ओळ म्हणायची, ‘मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवतो.’ प्रभूनं वधस्तंभावर म्हटलेली ओळ ती हीच. यहुदी लोकांच्या झोपण्यापूर्वीच्या प्रार्थनेत ती आहे, चर्चच्या पुरातन रात्रीच्या प्रार्थनेतही आहे. रोज रात्री आपण शुद्ध हरपून कुणाच्या तरी भरवशावर पडतोच ना? तो भरवसा कुणावर आहे हे तोंडानं बोलून मगच डोळे मिटायचे. शुक्रवारी जरा जास्त वेळ बसतो. दुःखसहनाचा एखादा उतारा वाचतो आणि स्वतःला विचारतो, आज रात्री बोलावणं आलं तर कुणाशी बोलायचं राहिलंय? नाव समोर येतंच. शनिवारी त्या माणसाला फोन.

तुमच्या घरांत, मंडळीत हे कसं होतं? मोकळेपणानं लिहा.

---

पांढरा_डगला (छत्रपती संभाजीनगर)

काका, मी नर्स आहे, कॅन्सरच्या पेशंटमध्ये काम केलंय. तुमचं सगळं पटलं, पण एक गोष्ट सगळ्यांच्या आधी यायला हवी: वेदना. हाडात दुखणं शिरलेल्या माणसाला ना स्तोत्र ऐकू येतं ना भावाशी बोलावंसं वाटतं. आधी दुखणं थांबवा, मग बाकीचं.

आपल्या ख्रिस्ती घरांतही मॉर्फिनची गोळी लपवून ठेवणारे नातेवाईक मी पाहिलेत. कुणाला व्यसन लागेल अशी भीती, कुणाला वाटतं प्रभूनं सोसलं तर आपणही सोसावं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरलेल्या मात्रेत, घड्याळ लावून दिलेलं मॉर्फिन कॅन्सरच्या दुखण्यावर योग्य औषध आहे. पोप बारावे पायस यांनी १९५७ सालीच सांगून ठेवलंय, की वेदना कमी करण्यासाठी औषध घेणं धर्माला धरूनच आहे. आणि ज्यांच्यामुळे जगभर हॉस्पिसचं, म्हणजे बरं न होणाऱ्या आजाऱ्यांना शेवटपर्यंत सांभाळण्याचं काम नव्यानं उभं राहिलं, त्या सिसिली सॉन्डर्स स्वतः श्रद्धावान ख्रिस्ती होत्या. आधी नर्स, मग समाजसेविका, मग डॉक्टर. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. शरीराचं, मनाचं, घरच्या काळजीचं आणि आत्म्याचं दुखणं एकच असतं, तुकडे करून बघू नका, हे त्यांनी डॉक्टरांना शिकवलं. आपल्या देशात मुंबईला वांद्र्यात १९८६ साली शांती आवेदना सदन उभं राहिलं, ते अशा कामातलं पहिलं.

शेवटच्या दिवसांत घरच्यांना ज्याची भीती वाटते तेही सांगते. भूक जाते, तहान कमी होते. उपाशी ठेवलं असं लोक म्हणतील म्हणून जबरदस्तीनं भरवू नका, ठसका लागून श्वासनलिकेत जातं. ओठ ओल्या कापसानं टिपा. झोप वाढते. हातपाय गार पडतात, कातडीवर निळसर चट्टे येतात. श्वास मध्येच थांबतो, परत येतो. घशात घरघर होते, ती ऐकणाऱ्याला जास्त त्रास देते, कुशीवर वळवलं तर कमी होते. माणूस डोळे उघडत नसला तरी ऐकू येतंय असं धरूनच बोला. हिश्श्याच्या गोष्टी खाटेजवळ नकोत. हळू आवाजात २३ वं स्तोत्र म्हणा, हात हातात घ्या.

---

अग्निस्तंभ (बीड)

काका, तुमचा आदर ठेवून बोलतो. मला हे पटत नाही. माझ्या वडिलांच्या वेळी डॉक्टरांनी हात टेकले होते, घरी घेऊन जा म्हणाले. आम्ही तीन दिवस उपास-प्रार्थना केली. कुणालाही निराशेचा शब्द बोलू दिला नाही. वडील आज आमच्यात आहेत, शेतावर जातात. त्या वेळी आम्ही वडिलांसमोर कबरेच्या आणि वाटणीच्या गोष्टी काढल्या असत्या तर त्यांचं मन खचलं असतं. मरण हा शत्रू आहे असं पौलानंच लिहिलंय. शत्रूच्या स्वागताची तयारी कशाला?

---

कुंडलिकाकाठ

भाऊ, तुमच्या वडिलांसाठी प्रभूची स्तुती असो. मनापासून म्हणतो.

मरण शत्रू आहे हे मी एका अक्षरानंही नाकारत नाही. ‘शेवटला शत्रू’ असंच १ करिंथकरच्या पंधराव्या अध्यायात आहे. प्रभू स्वतः लाजराच्या कबरेशी रडला. मरण गोड आहे, सुटका आहे, असं आपली श्रद्धा शिकवत नाही, आणि शोक करणाऱ्या घरात जाऊन ‘रडू नका, ते चांगल्या ठिकाणी गेले’ म्हणणाऱ्यांचा मला त्रास होतो. पण प्रभूनं मेलेल्यांतून उठवलेला तोच लाजर पुढे केव्हातरी पुन्हा मेलाच. बरं झालेला प्रत्येक माणूस एकदा मरणार आहे, तुमचे वडील आणि मीसुद्धा. पौलानं त्या अध्यायात शत्रूचं नाव घेतलं ते त्याचा पराभव सांगण्यासाठी. हरलेल्या शत्रूचं नाव आपल्याच घरात घ्यायचं नाही, असं का?

गेथशेमाने बागेत प्रभूनं आधी मागितलं, ‘हा प्याला माझ्यापासून टळून जावो.’ पूर्ण मनानं मागितलं, घाम गाळून मागितलं. आणि त्याच प्रार्थनेत म्हणाला, ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे.’ पहिल्या अर्ध्यालाच विश्वास म्हणायचं आणि दुसरा अर्धा निराशेचा, असं आपण ठरवू शकत नाही.

एक विनंती आहे. वडील आता ठणठणीत आहेत ना? मग एकदा त्यांनाच विचारा, त्या तीन दिवसांत त्यांच्या मनात काय चाललं होतं.

---

दोन_नोव्हेंबर (छत्रपती संभाजीनगर)

आम्ही कॅथलिक. आमच्याकडेही हाच प्रकार दुसऱ्या रूपात आहे. आजाऱ्यांना पवित्र तेल लावण्याचा संस्कार म्हणजे मरणाचं बोलावणं, अशी समजूत घट्ट बसलीय. फादर दारात आले की आजी ओळखणार ‘आता संपलं’, म्हणून लोक फादरना शेवटच्या घटकेपर्यंत बोलवतच नाहीत. मग फादर येतात तेव्हा माणूस बेशुद्ध. पापनिवेदन नाही, ख्रिस्तप्रसाद नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६३ सालीच स्पष्ट केलं, की हा संस्कार केवळ मरणाच्या टोकाला आलेल्यांसाठी नाही. गंभीर आजार झाला, म्हातारपणानं शरीर खचलं, की तीच योग्य वेळ. मोठ्या ऑपरेशनच्या आधी घेता येतो, पुढे आजार वाढला तर पुन्हाही घेता येतो. त्याच्या प्रार्थनेत बरं होण्याची मागणीही आहे, पापक्षमाही आहे. काकांनी मांडलेला मुद्दा आमच्या विधीतच आहे म्हणा ना.

आणि रोजच्या तयारीचं म्हणाल, तर जपमाळेत प्रत्येक ‘नमो मारिया’च्या शेवटी आम्ही ‘आता व आमच्या मरणाच्या वेळी’ आमच्यासाठी विनंती कर असं मागतो. एका माळेत ५३ वेळा. सवयीनं तोंडातून निघून जातं ते. हा धागा वाचून काल मी तिथे जरा थांबत थांबत म्हटलं.

---

नाथांच्या_गावचा (पैठण)

मी ख्रिस्ती नाही, वारकरी घरातला आहे. वाचत वाचत इथवर आलो. आमच्या गावात नाथ महाराजांनी १५९९ साली गोदावरीत जलसमाधी घेतली, नाथषष्ठीला तेच स्मरण असतं. मरणाकडे तयारीनं जाणं आम्हाला परकं नाही. अंतकाळी मुखात नाम यावं म्हणून जन्मभर नाम घ्यायचं, असं आजोबा सांगायचे. तोंडात गंगाजल, तुळशीचं पान. तुमच्याकडे त्या शेवटच्या क्षणाचं काय? शेवटी मनात देव नसला तर सगळं वाया जातं का?

---

कुंडलिकाकाठ

माउली, बरं वाटलं तुम्ही लिहिलंत.

सवयीचं जे तुमचे आजोबा सांगायचे, ते आमचे वडीलधारेही सांगायचे. आयुष्यभर जे तोंडात असतं तेच शेवटी ओठावर येतं. आमच्या मंडळीतली एक आजी, नाव-गाव सगळं विसरलेली, स्वतःची मुलं ओळखत नव्हती, पण ‘यहोवा माझा मेंढपाळ आहे’ एवढं कुणी सुरू केलं की पुढचं स्तोत्र शेवटपर्यंत म्हणायची.

पण आमचा भरवसा शेवटच्या क्षणी मनात काय आलं यावर टेकलेला नाही. लकवा झालेला बोलू शकत नाही, अपघातात गेलेल्याला वेळच मिळत नाही, स्मरण गेलेल्याला प्रभूचं नावही आठवत नाही. पौल लिहितो, की मरण किंवा जीवन, काहीही आपल्याला ख्रिस्त येशूमधल्या देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू शकणार नाही. धरणारा तो आहे, आपला हात सुटला तरी त्याचा सुटत नाही. वधस्तंभावरच्या चोराच्या पदरी पुण्य म्हणावं असं काय होतं? ‘माझी आठवण कर’ एवढंच म्हणाला. म्हणूनच तयारी भीतीनं करायची नसते. आपण कुणाचे आहोत हे आधी ठरलेलं आहे, त्याला शोभेल असं जायचं, एवढ्यासाठी ती.

---

माळवद (औसा)

अपघाताचं निघालं म्हणून लिहितो. किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी मी शाळेत होतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटेचे चार वाजायचे होते. गणपती विसर्जन करून लोक येऊन झोपले होते. आपल्याकडची घरं म्हणजे मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद. सगळं झोपलेल्यांच्या अंगावर आलं. सुमारे दहा हजार माणसं गेली. कुणाला प्रार्थना करायला वेळ, कुणाला क्षमा मागायला वेळ?

नंतर लोक काय काय बोलायले होते, मला अजून आठवतं. त्या गावांचं पाप भरलं होतं म्हणे. आमच्या पाळकसाहेबांनी त्या रविवारी लूकच्या तेराव्या अध्यायातून वाचलं. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसं मेली, ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं काय? प्रभू म्हणतो, नाही. आणि पुढे ऐकणाऱ्यांनाच म्हणतो, तुम्ही पश्चात्ताप करा. मेलेल्यांचा न्याय करत बसू नका, स्वतःचं बघा. साहेब वाचता वाचता थांबले होते, त्यांचे स्वतःचे नातेवाईक गेले होते त्यात.

तेव्हापासून आमच्या घरात एक रीत आहे. भांडण झालं तरी न बोलता कुणी झोपायचं नाही. आईनं लावली. आई गेली, रीत चालू आहे.

---

शपथपत्र (लातूर)

वकील आहे, कामापुरतं लिहितो. ‘घराची व्यवस्था’ कागदावरही करा.

ख्रिस्ती माणसाच्या वारशाला भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ लागू होतो. मृत्युपत्र नसेल आणि मागे जोडीदार व मुलं असतील तर एक तृतीयांश जोडीदाराला, दोन तृतीयांश मुलांत समान. मुलगा-मुलगी फरक नाही. वेगळं काही हवं असेल तर मृत्युपत्र करा, दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. बहिणीकडून हक्कसोड घेण्याची घाई दफनानंतरच्या आठवड्यातच सुरू होते, ते फार वाईट दिसतं.

दुसरं, बरं होण्याची आशा नसताना व्हेंटिलेटर वगैरे नको असेल तर तसं आधी लिहून ठेवता येतं. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात मान्यता दिली, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. ही आत्महत्या नव्हे. निव्वळ मरण लांबवणारे उपचार नाकारणं आणि जीव घेणं यांत फरक आहे, आणि चर्चही तो फरक मानतं.

दफन कुठे करायचं हेही आधी ठरवा. पुष्कळ खेड्यांत आपल्या लोकांना दफनभूमीच नाही, ऐनवेळी मयत घेऊन तालुक्याला धावपळ होते.

---

परभणीहून_लेक

दोन दिवसांपासून हा धागा वाचायले. लिहू की नको असं होत होतं.

माझ्या मायला यकृताचा कॅन्सर आहे. डॉक्टर म्हणाले, आता थोडे आठवडे. भावांनी ठरवलंय तिला सांगायचं नाही. कावीळ आहे म्हणून सांगितलंय. प्रार्थनेला येणाऱ्यांनाही बाहेरच सांगतात, आत काही बोलू नका. माय रोज मला विचारते, ‘मला काय झालंय गं?’ मी विषय बदलते. काल म्हणाली, ‘तू पण सांगणार नाहीस का?’ मला काय करावं कळंना.

---

पांढरा_डगला

ताई, तिला माहीत आहे. बहुतेक पेशंटना आतून कळलेलं असतं, ते फक्त कुणाबरोबर बोलता येईल ते शोधत असतात. तिनं तुम्हाला निवडलंय.

सगळं एका दमात सांगू नका. आधी तिलाच विचारा, ‘माय, तुला काय वाटतंय काय झालंय?’ ती जे म्हणेल तिथून पुढे जा. तिला जेवढं हवं तेवढंच सांगा, खोटं मात्र काही नको. ‘आम्ही तुला दुखू देणार नाही, एकटी सोडणार नाही’ हे स्पष्ट शब्दांत सांगा. भावांना आधी कल्पना द्या, त्यांना नंतर कळलं तर फसवल्यासारखं वाटेल. ते वाईट नाहीत, घाबरलेत. डॉक्टरांना सांगून एकदा सगळ्यांना एकत्र बसवा. आणि दुखण्याच्या गोळ्या वेळेवर चालू आहेत ना ते मला कळवा.

---

कुंडलिकाकाठ

लेकी, वरचं सगळं तसंच कर. मी एवढंच जोडतो, की तिनं भीती बोलून दाखवली तर लगेच वचन सांगून ती झाकू नको. आधी ऐक. रडायचं झालं तर दोघी रडा. मग तिलाच विचार, कोणतं स्तोत्र वाचू? कुणाला बोलवायचंय? काही करायचं, सांगायचं राहिलंय का?

पंडिता रमाबाईंची एकुलती लेक मनोरमाबाई १९२१ साली गेली आणि पुढच्या वर्षी ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. त्या मधल्या महिन्यांत, एवढं दुःख आणि आजारपण असताना, बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही. शेवटच्या दिवसांतही माणसाला काही करायचं असतं, द्यायचं असतं. तुझ्या मायलाही असेल. कावीळ म्हणून सांगत राहिलो तर ती संधी तिच्या हातून जाते.

प्रार्थनेत तिचं नाव ठेवलंय. बरं होण्यासाठीही मागतोय, थांबवलेलं नाही.

---

परभणीहून_लेक

भावांशी बोलले. मोठा चिडला, उठून गेला. धाकटा म्हणाला, तू विचार, मी बाहेर थांबतो.

मायला विचारलं. ती म्हणाली, ‘मला कळलंय गं कधीच. तुम्ही पोरं घाबरायलात म्हणून मी गप्प होते.’ मग बोलत राहिली. मानवतच्या मावशीला बोलव म्हणाली, त्यांचं आईच्या पाटल्यांवरून बिनसलं होतं. तिच्या पेटीतली पांढरी साडी दाखवली, तीच नेसवा म्हणाली. दफनविधीला कोणती भजनं म्हणायची ते धाकट्याला आत बोलावून वहीत लिहून घ्यायला लावलं. एकीला नको म्हणाली, फार रडकी आहे म्हणे. मावशी उद्या सकाळच्या गाडीनं येतेय. मोठा भाऊ अजून बोलत नाही, पण रात्री तिचे पाय चेपत बसला होता.

गोळ्या ताई म्हणाल्या तशा घड्याळ लावून चालू आहेत. दुपारी ग्लानी असते, सकाळी चांगली जागी असते.

एक विचारायचं होतं. तिला प्रभुभोजन घ्यायचंय. चर्चमध्ये नेता येत नाही. घरी देतात का? आणि तिला घन काही गिळता येत नाही.

---

कुंडलिकाकाठ

देतात. आजच पाळकसाहेबांना फोन कर, रविवारची वाट बघू नको. तिला गिळता येत नाही हे त्यांना आधीच सांग. भाकरीचा अगदी कण द्राक्षरसात भिजवून देतात, तोही जमला नाही तर रसाचा थेंब जिभेवर. बाजूला छोटा चमचा आणि ओला रुमाल ठेव, आणि तिला थोडं टेकवून बसव. मावशी उद्या पोचतेय तर ती आल्यावरच ठेवा, म्हणजे दोघी बहिणींना एकत्र घेता येईल. मोठ्या भावाला योहान चौदाव्या अध्यायातली पहिली तीन वचनं वाचायला सांग. काही समजवायला जाऊ नको, नुसतं पुस्तक हातात दे. आणि वेळ सकाळचीच घ्या.